मे महिन्यात उघडा चेहरा

मला वर्षभरात मे महिना सगळ्यात आवडायचा. वर्ध्यात असं बोललं तर लोक वेड्यात काढतील. पण उन्हापायी गावातल्या सगळ्या पोरी डोळे सोडून अख्खा चेहरा दुपट्ट्यात गुंडाळायच्या, आणि त्या गर्दीत माझा जन्मतः फाटलेला, लहानपणी वेडावाकडा शिवलेला ओठ कुणाला दिसायचा नाही. वर्गात मात्र दुपट्टा बांधून बसता येत नसे. तिथे मी तोंडावर तळहात धरूनच बोलायचे.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी ओठाचं नव्यानं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली ती नेमकी मे महिन्यात, भर दुपारी. बाबांनी स्कूटर काढली आणि म्हणाले, "दुपट्टा बांध वं, चेहरा जळन."

जळू दे! इतकी वर्षं झाकला तेवढा पुरे! मी दुपट्टा पिशवीत कोंबला आणि गरम वारा खात, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे सरळ बघत निघाले.

पेट्रोल पंपावर माझी वर्गमैत्रीण स्कूटीवर दिसली. चेहरा बांधलेला होता, तरी डोळ्यांवरून मी तिला ओळखलं आणि हात हलवला. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, मग हा हात दुसऱ्या कुणाला केला की काय म्हणून मागे वळून बघितलं. मला ओळखलंच नाही! मला इतका आनंद झाला की मी खळखळून हसले, आणि हसताना तळहात आपोआप तोंडावर गेला.

"अवं, तू व्हय!" ती तिथूनच ओरडली.