अण्णांच्या पिकअपची हवा

गॅरेजवाल्याला किस्से शोधावे लागत नाहीत. जुन्या नटबोल्टांसारखे ते डब्यात आपोआप साठतात. मी आजवर गिऱ्हाइकांचेच सांगत आलो. परवा डबा उपडा केला, तर निम्मे माझेच निघाले. लाज वाटते, पण सांगतो.

*

आमचं गॅरेज अक्कलकोट रोड एमआयडीसीत. मैंदर्गीचे गुरुशांतअण्णा जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या शब्दावर अर्ध्या मैंदर्गीच्या गाड्या माझ्याकडं येतात. अण्णांनी तोंड फिरवलं, की तिकडं माझं नाव संपलं!

एकदा त्यांचा फोन आला, पिकअप ओढत नाही म्हणून. मी म्हणालो, इंजिनाला हवा कमी पडत असेल, घेऊन या. अण्णा आले ते चारी चाकांत हवा भरून! वर म्हणतात, "स्टेपनीत बी भरली की!"

हा किस्सा मी वर्षभर येईल त्याला सांगितला. अण्णांसमोरसुद्धा. अण्णा आपले हसायचे.

*

यंदा मे महिन्यात त्यांची पिकअप सर्व्हिसिंगला आली. इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान सांगणारा एक सेन्सर असतो. स्कॅनरवर तो त्रेचाळीस दाखवत होता. मी ऐटीत सांगितलं, सेन्सर बाद आहे. नवा बसवला. तोही त्रेचाळीस!

शेजारचा पेंटर सिराज मोबाइलवरचं हवामान दाखवत म्हणाला, "उस्ताद, भायर बी उत्ताच है."

अण्णांना मात्र मी सांगितलं, बरं झालं वेळेत बदलला.

*

त्याच संध्याकाळी माझा लाल काठाचा टॉवेल सापडेना. अण्णांच्या लेकीच्या लग्नात मिळालेला आहेर तो, मी हात पुसायला वापरायचो. दुपारी पिकअपच्या एअर फिल्टरचा डबा उघडा होता, तेव्हा धूळ जाऊ नये म्हणून त्याच्या तोंडाला लावलेला आठवत होता. पुढचं आठवेना. मी सरळ सिराजवर संशय घेतला आणि चार दिवस त्याच्याशी बोललो नाही.

*

मग अण्णांचा फोन. गाडी चढाला दुसऱ्या गिअरशिवाय हलत नव्हती, काळा धूर सोडत होती. मी काय सांगावं? "नवा सेन्सर आहे अण्णा, रुळायला वेळ लागतो." हे वाक्य आठवलं की अजून मान खाली जाते.

आठवड्यानं त्यांचाच फोन. गावातच फिल्टरचा डबा उघडून बघितला, आता गाडी मस्त पळते म्हणाले. मी विचारलं, काय झालं होतं?

"काय न्हाय. हवेचंच हुतं."

*

महिन्याभरानं अण्णांच्या मुलानं नवा टेम्पो घेतला. पूजेला मला खास बोलावणं. सगळे गाडीवाले जमलेले. अण्णांनी मला पुढं बोलावलं, डोक्यावर टोपी घातली, हातात नारळ दिला, खांद्यावर टॉवेल टाकला.

स्वच्छ धुतलेला, इस्त्री केलेला. लाल काठाचा. कोपऱ्यातला ग्रीसचा डाग तेवढा निघाला नव्हता.

टाळ्या वाजल्या. अण्णांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "आता ती स्टेपनीची गोष्ट सांगा की सगळ्यास्नी."