रिकामी टाकी

पेट्रोलच्या रिकाम्या टाकीची तुम्हांला कधी भीती वाटली आहे का? पेडण्याच्या आमच्या मेकॅनिकला वाटते. टाकीत पेट्रोलची पातळी काट्याला कळवणारा नवा फ्लोट बसवला, की तो पाच-पाच लिटर पेट्रोल ओततो, काटा थांबेल तिथे काचेवर खूण करतो आणि तोवर कोणाशी बोलत नाही.

घटक राज्याच्या मागणीच्या सभेला न्यायच्या जीपचं हे काम चाललं असताना माझे काका पेटती बिडी घेऊन टाकीत डोकवायला आले.

"रिती टाकी ती, काय जळतला?"

मेकॅनिकने त्यांच्या ओठांतली बिडी काढून मुठीत चिरडली. "भरल्या टाकीक मी भियेत नाय, काकानु. रित्या टाकीत वाफ आसता, तीच पेटता."

त्याच भाजलेल्या हाताने त्याने पहिले पाच लिटर ओतले.

सभांत गरजणारा मी ती बिडी दारापासून पाहत होतो. काका वडीलधारे, म्हणून गप्प राहिलो. तुम्ही राहू नका. थोरांच्या ओठांतलीही बिडी काढून घ्या.