पासवर्डांचं बिऱ्हाड

बिऱ्हाड हलवताना कपाटामागून काय काय निघतं! टिकल्या, पेनची टोपणं, कुणाचा तरी दुधाचा दात. दोन हजार सालानंतर कधीतरी आमच्या नाशिकच्या द्राक्ष एक्स्पोर्टच्या ऑफिसात आम्ही पासवर्ड हलवले, तेव्हा असेच किस्से निघाले. चहाला जमलो की अजून तेच चालतं.

झालं असं, की प्रत्येकाचे पासवर्ड आपापल्या कॉम्प्युटरवर एका सॉफ्टवेअरमध्ये ठेवलेले. त्याचं लायसन संपत आलं होतं. साहेबांनी दुसरं आणलं आणि मला म्हणाले, "सगळं इकडचं तिकडे कर. फक्त सीझनमध्ये माझा माल अडकवू नकोस."

*

पहिले भामरेभाऊ. आमचे खरेदीवाले, चांदवडचे. म्हणाले, "तुम्ही बसा, माझं मी करतो."

केलंही. पण नव्यातून एक साइट उघडेल तर शपथ. बघतो तर काय, पासवर्डच्या जागी जुन्या स्क्रीनवर जेवढ्या चांदण्या दिसल्या, तेवढ्या मोजून भाऊंनी नव्यात टाकलेल्या.

"जसं दिसलं तसं उतरवलं. एक चांदणी कमीजास्त नाय."

नशीब, जुनं अजून चालू होतं.

*

पासवर्ड विसरलात तर कामी येईल म्हणून नव्या सॉफ्टवेअरने विचारलं, तुमच्या पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव काय?

भाऊ अडून बसले. "आमची बैलजोडी होती. एकाचं टाकायचं, मग दुसऱ्यानं काय घोडं मारलंय?"

दोन्ही नावं टाकली, तेव्हा गाडी पुढे सरकली.

*

हे नवं सॉफ्टवेअर पासवर्ड स्वतःच सुचवायचं. साहेबांनी चष्मा वर करून एक वाचला.

"हा पासवर्ड आहे की ट्रकचा चेसिस नंबर?"

*

हलवताना सगळे पासवर्ड एका फाइलमध्ये उघडेवाघडे दिसतात, हे मला भाऊंची फाइल उघडल्यावर कळलं. साहेब नेमके मागे उभे. भाऊंच्या ई-मेलचा पासवर्ड होता 'साहेबखडूस'.

भाऊ खिडकीबाहेर बघायला लागले. साहेब शांतपणे म्हणाले, "हा बदला. सगळ्यांना माहीत झालाय."

*

राहिल्या सिंधूकाकू. एक्स्पोर्टची सगळी कागदपत्रं त्या बघायच्या, आणि पाय प्लास्टरमध्ये म्हणून घरी होत्या. लायसनचा शेवटचा दिवस. कंटेनर बंदरात उभा, आणि शिपिंगच्या साइटचा पासवर्ड काकूंच्या कॉम्प्युटरमध्ये कुलूपबंद. आज कंटेनर निघाला नसता, तर द्राक्षं तिथेच नासली असती. साहेबांचा चेहरा बघवत नव्हता.

स्पीकरवर फोन लावला. "काकू, तुमचं सॉफ्टवेअर कशाने उघडतं?"

काकू हळूच म्हणाल्या, "ह्यांच्या नावाने."

"काकांचं नाव काय?"

"असं कसं घेऊ हो?"

"मग टाकलंत कसं?"

"टाइप करायला काय, तोंडाने थोडंच घ्यायचं होतं!"

"निदान स्पेलिंग सांगा."

"म्हणजे नावच झालं की."

"बरं, काकांना फोन द्या."

"ते दूध आणायला गेलेत."

साहेबांनी हात जोडले, फोनला. "काकू, माझा माल जाईल हो."

काकूंनी घसा खाकरला.

"द्राक्षांचा कंटेनर निघाला परदेशी,
मधुकररावांचं नाव घेते साहेबांच्या फोनपाशी."

भाऊंनी 'मधुकर' टाइप केलं. उघडलं! साहेब मटकन खुर्चीत बसले. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबल्या, तर फोनमधून दुधाची किटली ठेवल्याचा आवाज आला. मागोमाग एक म्हातारा आवाज.

"परत एकदा म्हण ना. मी दारातच होतो, नीट ऐकू नाही आलं."