काळ्या पाण्यावरची आखाजी

आमच्या मामांनी आयुष्यात कोणाचंही ऐकलं नाही. ज्यांना ही अतिशयोक्ती वाटते, त्यांनी मामांना बंगालच्या उपसागराशी भांडताना पाहिलेलं नाही. मी पाहिलंय. मामांच्या गावच्या, म्हणजे सावद्याच्या डॉक्टरांनी चहा बंद करायला सांगितला, तेव्हापासून मामा दोन कप घेऊ लागले. एक नेहमीचा आणि एक डॉक्टरांच्या नावानं. रेडिओनं पावसाचा अंदाज सांगितला की हटकून गच्चीवर मिरच्या वाळत घालायचे आणि भिजल्या तर दोष रेडिओला द्यायचे. जळगावला आमच्याकडे आले की मेहरूणच्या तलावावर फिरायला जात आणि जिथे 'येथे बसू नये' असा फलक होता, नेमकं त्याच्याच खाली रुमाल अंथरून बसत. एकदा रखवालदारानं हटकलं, तर म्हणाले, "बोर्डाची सावली चांगली पडते ना बाप्पा, मंग कोठी बसू?" तो बिचारा खरोखरच दुसरी सावली शोधू लागला.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला, एका हिवाळ्यात माझे वडील गेले. आई बोलेनाशी झाली. विचारलं तेवढं उत्तर द्यायची आणि पुन्हा भिंतीकडे बघत बसायची. मी नुकताच नोकरीला लागलो होतो. तिला बोलतं कसं करावं हे मला कळत नव्हतं. उन्हाळ्यात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्याकडे आखाजीला भाऊ बहिणीला माहेरी आणतो, झाडाला झोके टांगतात आणि लेकी-सुना आमरस आणि गोड सांजोऱ्या खाऊन गाणी म्हणत झोके घेतात. लग्नाला इतकी वर्षं होऊनही सावद्याच्या निंबावर पहिला झोका आईचाच असे. पण त्या वर्षी मामांच्या थोरल्या काकींनी, म्हणजे ज्यांच्या शब्दाबाहेर अख्खी भाऊबंदकी जात नसे त्यांनी, निरोप धाडला की वर्ष फिरल्याशिवाय अक्कानं, म्हणजे माझ्या आईनं, आखाजीला येऊ नये, आणि झोक्याखाली तर यापुढे कधीच उभं राहू नये.

मामा तडक काकींकडे गेले. मीही सोबत होतो. "सावद्यात नही, तं सावद्याबाहेर नेईन अक्काले," ते म्हणाले.

"जाशीन कोठी?" काकी शांतपणे म्हणाल्या. "जठी जाशीन तठी लोक हायेतच."

काकींच्या भिंतीवर खताच्या दुकानाचं कॅलेंडर होतं. त्यावर निळा समुद्र, नारळाची झाडं आणि खाली 'अंदमान' असं लिहिलेलं. मामांनी त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "अठी!" ते अंदमान नेमकं कुठे आहे, हे त्यांनी मला परतीच्या वाटेवर विचारलं. गावात बातमी पसरली आणि लोक म्हणू लागले, आखाजीला बहिणीला घेऊन काळ्या पाण्यावर जाणारा भाऊ पहिल्यांदाच बघतोय. आईनं नको नको म्हटलं, मामीनं कपाळाला हात लावला आणि सांजोऱ्यांचा डबा भरायला घेतला.

मामा, मामी, आई आणि मी निघालो. भुसावळहून कलकत्ता आणि तिथून जहाज. तिथले लोक खात काय असतील, या काळजीनं मामांनी मळ्यातला केळीचा हिरवा घड पोत्यात बांधून घेतला होता. भर समुद्रात तो सगळाच्या सगळा एकदम पिकला. मामा खलाशांपासून कप्तानापर्यंत सगळ्यांना केळी वाटत डेकवर हिंडले. डेकवर उभं राहू नका, लाटा मोठ्या आहेत, असं खलाशी सांगत होते, म्हणून तर मामा तिथेच उभे राहिले. मग व्हायचं ते झालं. कठड्याला धरून ओकाऱ्या काढता काढता समुद्राला म्हणत होते, "तू कितीबी आदळ, मी सावद्याचा हाये!" नंतर त्यांनी सगळं खापर जहाजाच्या डाळीवर फोडलं.

बेटावर पाऊल ठेवलं तर जिकडे बघावं तिकडे केळी. मामांच्या हातात शेवटची फणी होती. आम्ही तिघं त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्यांनी एका केळीचं पान उलटसुलट करून पाहिलं, मान हलवली आणि चहूबाजूंनी पाणी असलेल्या त्या बेटावर निकाल दिला, "पाणी कमी पडलं झाडाले!"

आम्ही उतरलो ते पूर्व बंगालमधून येऊन वसलेल्या लोकांच्या गावात, एका म्हाताऱ्या बाईकडे. तिनं केळफुलाची भाजी केली. आमच्याकडे केळफूल तोडून गुरांपुढे टाकतात. मामांनी दोनदा वाढून घेतली आणि म्हणाले, "चांगली हाये. आमच्या म्हशींना हे पहिल्यापासून ठाऊक होतं."

आखाजीच्या सकाळी मामांनी वळकटी सोडली, तर आतून जाड दोर निघाला. तो त्यांनी सावद्याहून आणला होता आणि कोणाला बोलले नव्हते. किनाऱ्यावरच्या एका आडव्या फांदीला त्यांनी तो बांधला. आई मागे सरकली.

"नको रे भाऊ. लोक काय म्हणतील?"

"कोणते लोक? अठी तुले कोन वळखते?"

"मी वळखते ना मले," आई म्हणाली. मामांनी बांधलेली गाठ सोडून पुन्हा बांधली.   एवढा समुद्र ओलांडून आलो होतो आणि आई तिथल्या तिथेच होती.

तेवढ्यात ती म्हातारी फळी घेऊन आली. पांढरं लुगडं, बिनकाठाचं. हातात बांगडी नाही. तिला आमची भाषा येत नव्हती, पण दोर पाहून तिला सगळं समजलं असावं. तिनं फळी बसवली, दोर ओढून पाहिला, स्वतः बसून एक झोका घेतला आणि खळखळून हसली. मग उठून तिनं आईचा हात धरला. आईनं तिच्या लुगड्याकडे पाहिलं, तिच्या मोकळ्या हातांकडे पाहिलं आणि बसली. मामांनी हलकेच झोका दिला. दोन-तीन झोके गेले. मग आईचा आवाज आला, कितीतरी महिन्यांनी, पहिल्यासारखा:

"जोरात दे ना रे! जेवला नाही का?"

मामी रडायला लागली. मीही रडलो, सांगायला लाज कशाची? गावातल्या बायका जमल्या, पाळीपाळीनं बसल्या आणि आपापली गाणी म्हणू लागल्या. आईनंही म्हटलं, आखाजीचं. कुणालाच कुणाचं कळलं नाही आणि कुणी थांबलंही नाही.

परत आल्यावर थोरल्या काकी सावद्याच्या ओट्यावर बसूनच होत्या. चार बायकांदेखत त्यांनी आईला विचारलं, "काय वं, झोका घेतला म्हने तुनं?"

मामा बाह्या सरसावून पुढे झाले. आईनं त्यांना हातानं मागे सारलं.

"घेतला काकी," ती म्हणाली. "अन् पुढच्या आखाजीले अठी घेईन. या निंबाले."

काकींनी मान वर करून निंबाकडे पाहिलं. मामांनी सरसावलेल्या बाह्या खाली केल्या. बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच. पुढच्या वर्षी आईनं खरोखरच झोका घेतला, निंबाला, काकींच्या डोळ्यांसमोर.

आता मामा नाहीत. सावद्यात आता कोणी कोणाला झोक्यावरून अडवत नाही; ज्या बाईला वाटेल ती बसते. चांगलंच आहे. पण आखाजीला तिथे गेलो की मला राहून राहून वाटतं, एवढ्या मोकळ्या गावात भांडायला कोणी उरलं नाही म्हणून मामांना अजिबात करमलं नसतं.