न झालेल्या मारामाऱ्या

आमच्या कामाचा अहवाल लिहायला बसलं की घाम फुटतो, पण चहाला बसलं की तोंड थांबत नाही! हिंसा कशी टाळावी यावर संशोधन करायचं, म्हणजे जी मारामारी झालीच नाही तिच्यामागे धावायचं. न झालेल्या मारामारीचा पंचनामा होत नाही, फोटो निघत नाही. मग उरतात ते किस्से. अंधेरीतल्या आमच्या ऑफिसात ते इतके साठलेत की नवीन माणूस आला की आधी किस्से ऐकवतो, काम सावकाश सांगतो.

आम्ही म्हणजे मी, आमचे प्रमुख देसाई सर, आणि पोलीस ठाण्याने आमच्या मदतीला दिलेले हवालदार परब. परब मालवणकडचे. बोलणार कमी, पण टोमणा अगदी वेळेवर.

*

देसाई सर पोलिसांसाठी रागावर ताबा ठेवायचं शिबिर घेतात. "समोरचा चिडला की आधी श्वास, मग शब्द," हे त्यांचं आवडतं वाक्य. त्या दिवशी सगळे शिपाई भारावून ऐकत होते.

जेवणाच्या सुट्टीत खाली आलो, तर सरांच्या गाडीला आडवी दुसरी गाडी लावून कोणीतरी पसार! सरांनी जे तोंड सोडलं, ते मी इथे लिहू शकत नाही. अख्खं शिबिर जिन्यात उभं राहून ऐकत होतं.

मागून परबांचा आवाज आला, "सर, श्वास!"

तेव्हापासून सर शिबिराला रिक्षाने जातात.

*

बोरीवलीत, नॅशनल पार्कच्या कडेच्या सोसायट्यांमध्ये सर्व्हे चालू होता. या भागात भीती कशाची वाटते, असा प्रश्न. अंधारी गल्ली, दारुडे, स्टेशनजवळचा पूल अशी उत्तरं येतील असा आमचा अंदाज.

एक गुजराती काकी म्हणाल्या, "बिबट्याची."

"तसं नाही काकी. माणसांपैकी कोणाची?"

त्यांनी दार हळूच लोटून घेतलं आणि म्हणाल्या, "सेक्रेटरीची!"

*

घाटकोपरला एक गृहस्थ भेटले. एके काळी त्यांच्या नावाने गल्लीतली शटरं खाली यायची. आता नातीला शाळेत सोडतात. माणूस मारामारी का सोडतो, यावर सरांचा मोठा अभ्यास. लग्न, नोकरी, समुपदेशन, समाजाचा आधार, सगळी कारणं सरांनी गोड बोलून चाचपून बघितली. गृहस्थ प्रत्येकाला "नाय सर" म्हणत राहिले.

शेवटी मीच विचारलं, "मग सोडलीत तरी कशामुळे?"

"गुडघे, मॅडम! मारल्यावर पळायला पण लागतं ना."

आमच्या शास्त्रात वयाचा हा मुद्दा फार गंभीरपणे मांडलेला आहे. इतका सोपा करून कोणी सांगितला नव्हता.

*

मुलुंडच्या एका सोसायटीत मीटिंग म्हटली की हाणामारी. मी कोपऱ्यात बसून नुसतं निरीक्षण करायचं ठरलं. मी बसले आणि माणसं एकमेकांना "आपण बोला, आपण बोला" करायला लागली! मला झोप यायला लागली. फोन आला म्हणून बाहेर गेले, बोलले, परत आले. सगळे तसेच हात जोडून बसलेले. फक्त मधल्या खुर्चीला पाय नव्हता आणि खजिनदारांना चष्मा नव्हता.

"काय झालं?"

"काही नाही, मॅडम," सेक्रेटरी म्हणाले. "खुर्ची जुनी होती."

*

"मॅडम बसल्या की भांडण होत नाही" ही बातमी मग चौकीचौकीत पसरली. एक दिवस शेवंतीकाकी ऑफिसात आल्या. गिरणी कामगाराची विधवा, घाटकोपरला डोंगरावरच्या चाळीत घर. सदा आणि विलास हे दोन मुलगे. बाप गेल्यापासून दोघांचं पटत नव्हतं. मागच्या गणपतीत विलासने सदाच्या डोक्यात पाट घातला होता. यंदा बोट जरी लावलं तर केस करणार, असं सदाने जाहीर केलं होतं. विलास शाळेची बस चालवतो. केस झाली की नोकरी गेली.

"माका दारात पोलीस नको," काकी म्हणाल्या. "पण तुम्ही येवा. नुसत्या बसा."

मला त्या बाईचं फार वाईट वाटलं. गेलो. परब साध्या कपड्यांत, देसाई सर झब्ब्यात. चाळीतली पोरं दुरूनच ओरडली, "पोलीस आले!"

आरतीपर्यंत सगळं झकास. आरतीनंतर गाऱ्हाणं. घरातल्या मोठ्याने देवापुढे मागणं मागायचं आणि प्रत्येक मागण्याला जमलेल्या सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. वडील होते तोवर ते तेच घालायचे.

सदा पुढे सरसावला. "थोरला मी आहे."

"थोरला?" विलास म्हणाला. "बाबांना हॉस्पिटलात कोणी नेलं रे? गाऱ्हाणं मी घालणार!"

"हिंमत असेल तर घालून दाखव!"

विलासने बसायचा पाट उचलला. सर चक्क माझ्या मागे गेले. मी "हे बघा..." म्हणाले, पण माझ्याकडे बघतंय कोण!

"सरा बाजूक," काकी म्हणाल्या. त्यांनी पदर खोचला, मुलांकडे पाठ केली आणि देवापुढे हात जोडले. "गाऱ्हाणा मी घालतंय."

विलासच्या हातात पाट तसाच.

"बा देवा गणपती म्हाराजा! लेकरांनी केलेली सेवा मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खी खोली.

"पोराबाळांची आजार-पीडा दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" परबांचा आवाज सगळ्यात मोठा.

"आणि माझे दोन्ही झील आज एकाच पंगतीत शेजारी बसान जेवतले, ता गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सदाही म्हणाला. पाट डोक्यावर धरलेला विलासही म्हणाला. म्हणून झाल्यावर दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

काकींनी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. "विलास, तो पाट खाली घाल," त्या म्हणाल्या. "सदा, तू बस त्याच्यावर."