अंघोळीचा रकाना

तीन संस्था, तीन प्रमुख आणि त्यांच्यात एकमत घडवून आणणारी मी. नव्वदच्या दशकात बेंगळुरूत म्हातारपण आणि अपंगत्व यांवर एक मोठा संशोधन प्रकल्प चालू होता, त्याची मी समन्वयक. पद ऐकायला भारदस्त. प्रत्यक्षात बैठकांची पत्रं टाइप करून घ्यायची, गाडी ठरवायची आणि एका डॉक्टरांचा निरोप दुसऱ्यांना त्यातलं विष काढून सांगायचा. बैठकीत कुणी माझ्याकडे पाहिलंच तर ते कॉफीसाठी.

सात महिने सगळं एका फॉर्मवर अडलं होतं. म्हाताऱ्या माणसाला आपलं आपण काय करता येतं याचा तो फॉर्म. अंघोळ, कपडे, संडास, जेवण. स्वतः केलं तर दोन, मदत लागली तर एक, जमतच नसेल तर शून्य. तिन्ही संस्थांच्या, घरोघर जाऊन फॉर्म भरणाऱ्या मुलींनी एकाच माणसाला विचारलं तर आकडे सारखे यायला हवेत, आणि ते काही केल्या येत नव्हते. पुन्हा एकदा सराव ठरला. जे. पी. नगरच्या वृद्धाश्रमातून यायचे ते आजोबा नेमके त्या सकाळी तापाने फणफणले. बारा मुली, तीन प्रमुख हजर, आणि प्रश्न विचारायला म्हातारं माणूस नाही. मी रिक्षा केली आणि घरून आईला घेऊन आले.

आईच्या डाव्या अंगावरून वारं गेलं त्याला दोन वर्षं झाली होती. बाहेर जायचं म्हणून तिने माझ्याकडून इरकली नेसवून घेतली. पदर असा घ्यायला लावला की डावा हात झाकला जावा. रिक्षात म्हणाली, "स्वल्प हळू चालवायला सांग गं. केस विस्कटतात."

मुली एकेक करून तिच्यासमोर बसल्या. "अज्जी, अंघोळ कोण घालतं?"

"घालायला कोण कशाला? माझी मी करते."

बाराही जणींना तिने हेच सांगितलं. कपडे माझे मी, संडासला माझी मी. बाराही फॉर्म तंतोतंत जुळले. प्रमुखांचे चेहरे खुलले. आईही खुलली होती, लहान मुलीसारखी ताठ बसली होती.

अपंग पुनर्वसन केंद्राचे प्रमुख तेवढे तिच्या पदराकडे बघत होते. मग ते माझ्याकडे वळले. "तुम्ही घरी असता. हे खरं आहे?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. सात महिन्यांत पहिल्यांदा त्या खोलीत मला काहीतरी माहीत होतं आणि त्यांना नव्हतं. सराव होता तो. आईचा आकडा कुठल्याही अहवालात जाणार नव्हता. मी हो म्हटलं असतं तर भागलं असतं. आईही माझ्याकडेच बघत होती, अगदी निर्धास्त.

"नाही," मी म्हणाले. "अंघोळ मी घालते. पाठ, पाय, सगळं मीच धुते. साडी मी नेसवते. संडासला नेऊन बसवते, नंतर स्वच्छही मीच करते." शेवटचं तर मला कुणी विचारलंही नव्हतं.

एका मुलीने लगेच खोडरबर काढला. घरच्यांना वेगळं विचारावं, असा नियम त्याच दिवशी ठरला आणि इतिवृत्तात माझं कौतुक आलं. मला फार बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघराला आतून कडी होती. आत तांब्या पडल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही. मी बाहेर घड्याळ बघत उभी, कारण मला घ्यायला गाडी यायची होती. तासाभराने ती बाहेर आली तेव्हा कानामागे साबण वाळला होता आणि पाठ कोरडीच होती. मी टॉवेल घेऊन पुढे झाले. तिने तो उजव्या हाताने ओढून घेतला. सरावाच्या दिवशी खोटं सांगितलेलं आता ती रोज खरं करून दाखवत होती. मीही हट्टाला पेटले. करू दे, म्हटलं, किती दिवस करते बघू.

आठव्या दिवशी ती घसरली आणि उजवं मनगट मोडलं. शेजारच्या कन्नड अक्कांच्या मुलाने दार फोडलं. अक्कांनी तिला उचलून पुसलं, नेसवलं. मी जवळ गेले तर तिने भिंतीकडे तोंड केलं.

त्या दिवसापासून अक्काच तिला अंघोळ घालू लागल्या. परक्या बाईपुढे उघडं व्हायला तिला चालत होतं. महिनाभराने मी न राहवून विचारलं, "मी का नको?"

ती शांतपणे म्हणाली, "तिला कुणी विचारलं तर ती सांगणार नाही."

पुढची तीन वर्षं मी पाणी तापवून बादली न्हाणीघराच्या दारापर्यंत नेत असे. अक्कांनी ती आत ओढून घेतली की आई त्यांना कडी लावायला सांगायची.