वेस खुजी नव्हती

वर्तमानपत्राच्या कचेरीत मी नवा होतो तेव्हा वृत्तसंपादकांनी एक नियम घालून दिला. वास्तूचा फोटो माणसाशिवाय आणायचा नाही. पूल असो, दरवाजा असो, शेजारी कोणीतरी उभं करायचं, म्हणजे वाचकाला उंची कळते. फोटोच्या पाठीवर ठिकाण, दिशा, वेळ आणि उभा असलेला माणूस कोण, हे लिहायचं. नोकरी संपली तरी नियम सुटला नाही.

मुलगी परदेशात नोकरीला असल्यामुळे उतारवयात फिरणं झालं, आणि जिथे गेलो तिथे दरवाजे, कमानी, पूल हेच टिपले. त्याआधी बीदरच्या किल्ल्याच्या दरवाज्यात एक पेरूवाली उभी राहिली होती. इस्तंबूलला जुन्या जलवाहिनीच्या कमानीखाली तीळ लावलेल्या पावाच्या कड्या विकणारा उभा राहिला. मोस्तारचा पूल मध्ये बैलाच्या वशिंडासारखा उचललेला आहे. तिथल्या म्हातारीने हातातली पिशवी खाली ठेवायला नकार दिला, म्हणून फोटोत ती पिशवीसकट आहे. भाषा मला कुठलीच येत नव्हती. बोटाने जागा दाखवायची आणि पंधरा पावलं मागे जायचं, एवढ्यावर काम होत होतं.

रोममध्ये एका विजयकमानीचा पाया रस्त्याच्या बराच खाली होता. कित्येक शतकं ती मातीत अर्धवट गाडलेली होती आणि नंतर भोवती खणून मोकळी केली, असं पाटीवर लिहिलं होतं. सोबत जुनं चित्र होतं. चित्रातली माणसं कमानीच्या खांद्याशी उभी राहून गप्पा मारत होती. मी वहीत लिहिलं: ‘कमान खाली गेलेली नव्हती. जमीन वर आली होती.’ तेव्हा ती केवळ एक नोंद होती.

माझं गाव आदिलाबाद जिल्ह्यात, पैनगंगेच्या अलीकडे आहे. गावाला दगडाची एकच वेस आहे. दोन्ही खांबांवर एकेक कोरलेलं कमळ आहे आणि वर चुन्यात बांधलेली कमान. वेशीला लागून पिठाची गिरणी आहे. गेली तीस-पस्तीस वर्षं मी वेशीचा फोटो काढायला गेलो की गिरणीवाला पीठ झटकत बाहेर येतो आणि न सांगता डाव्या खांबाला पाठ लावून उभा राहतो. जगातल्या कुठल्याही कमानीपेक्षा या वेशीचे फोटो माझ्याकडे जास्त आहेत.

यंदा पोळ्यानंतर गावी गेलो तेव्हा कळलं की वेस पाडायचं ठरलं आहे.

कारण कापूस होतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला इकडे बाजूने फळ्या आणि तरटं लावून कापूस भरतात. भरलेली ट्रॉली खाली अरुंद आणि वर फुगलेली असते. कमान नेमकी उलटी, खाली रुंद आणि वर निमुळती. गेल्या हंगामात एक ट्रॉली अडकली ती अर्धा दिवस निघाली नाही. त्यानंतर लोक कापूस वेशीबाहेर डोक्यावर वाहून नेत होते. गावाला दुसरी वाट नाही, एका बाजूला नाला आणि दुसऱ्या बाजूला घरं. सरपंचबाईंनी निवडणुकीत शब्द दिला होता की पुढच्या वेचणीच्या आत ट्रॉली बाजारात थेट जाईल. गुडीहत्नूरहून जेसीबी सांगून ठेवला होता. यायला आठ दिवस होते.

मी ग्रामपंचायतीत गेलो. सरपंचबाई चाळिशीच्या, स्वतः कापूस वेचणाऱ्या. त्यांनी चहा सांगितला आणि विषय स्वतःच काढला.

“काकाजी, तुमी बोलायच्या आधी मीच सांगते. मले काय हौस आली का वेस पाडाची? माह्या लग्नाची वरात तिच्यातूनच आली. पण बाया डोक्यावर गाठोडे वाहून राह्यल्या. फोटो पाहून त्याइचं वझं कमी होते का?”

मी चहा संपवला आणि घरी आलो.

वेस जाणारच असेल तर निदान सगळे फोटो एका पाकिटात लावून ठेवावेत म्हणून मी ते तारखेप्रमाणे जमिनीवर मांडले. पहिला रिळाच्या कॅमेऱ्याचा, शेवटचा गेल्या वर्षीचा. दिशा तीच, अंतर तेच, माणूस तोच. पहिल्या फोटोत खांबावरचं कमळ गिरणीवाल्याच्या डोळ्यांच्या रेषेत होतं. पुढच्या काहींत खांद्याशी, मग छातीशी, आणि शेवटच्या फोटोत कमरेशी. कमळ दगडात कोरलेलं आहे, ते सरकत नाही. गिरणीवाल्याचे पाय वर आले होते.

रोमची वही काढायची गरज पडली नाही. हे फोटो मीच काढले होते, त्यांच्या पाठीवर मीच लिहिलं होतं, आणि एकदाही दोन फोटो शेजारी ठेवून पाहिले नव्हते. गावाची चूकही तशीच होती. आमच्याकडे रस्ता नवा करताना जुना उकरत नाहीत. मुरूम, त्यावर गिट्टी, त्यावर सिमेंट, मग पुन्हा मुरूम. प्रत्येक सरपंचाने आपला रस्ता आधीच्या सरपंचाच्या रस्त्यावर घातला, कारण उकरलेला रस्ता कोणाला दिसत नाही आणि घातलेला दिसतो. पूर्वी गिरणीत पायरी चढून जावं लागे. आता दोन पायऱ्या उतरून जावं लागतं. दळण घेऊन गाव रोज त्या पायऱ्या उतरत होतं.

दुसऱ्या दिवशी मी फोटो पंचायतीच्या टेबलावर मांडले. मंडलाच्या सरकारी कचेरीतून आलेले रस्त्याचे इंजिनीअर होते, सरपंचबाई होत्या, गिरणीवाला होता आणि गेल्या हंगामात अडकलेल्या ट्रॉलीचा ड्रायव्हर होता. ड्रायव्हरने दोन फोटो उचलले, एकदा हा पाहिला, एकदा तो.

“वेशीले काई नाई झालं,” तो म्हणाला. “गिरणीवाले काकाच म्हातारपणी आखडले असान.”

गिरणीवाला उसळला. “अरे येड्या, मी आखडलो असतो तं फूल वर गेलं असतं ना बे! ते खाली काऊन आलं? ट्रॉली भरतानी बी असंच डोकं चालवते काय?”

सगळे हसले, ड्रायव्हरही. सरपंचबाई हसल्या नाहीत. त्यांनी पहिला आणि शेवटचा फोटो एकमेकांवर धरला, कमळावर कमळ ठेवलं आणि उजेडाकडे करून बघितलं.

इंजिनीअर म्हणाले, “सरपंच गारू, फोटो से एस्टिमेट नहीं बनता.”

“मंग कशानं बनते?”

“नापना पडेगा. खोदके.”

“मंग खोदा,” सरपंचबाई म्हणाल्या आणि उठल्या.

डाव्या खांबाच्या पायाशी दोन माणसांनी सब्बल आणि टिकाव चालवला. आधी सिमेंट निघालं, मग गिट्टी, पुन्हा सिमेंट. त्याखाली लाल मुरूम, मग काळी माती. इंजिनीअर प्रत्येक थराला टेप लावत होते. मातीखाली सब्बल खणकन वाजली. दोघांनी हाताने माती सारली. खाली फरशी होती आणि फरशीत बैलगाडीच्या चाकाने पडलेली चाकोरी. वरपासून मोजलं तर दोन फूट आठ इंच.

इंजिनीअरनी टेप गुंडाळली, खिशात घातली, पुन्हा काढली आणि वेशीची उंची फरशीपासून मोजली. मग तेलुगूत फोनवर बराच वेळ बोलले. फोन ठेवून त्यांनी सरपंचबाईंना एवढंच विचारलं, “पानी कहाँ जाएगा?”

हा प्रश्न खरा होता. रस्ता खाली नेला तर पावसाचं पाणी वेशीत साचणार. सरपंचबाईंनी नाल्याकडे बोट केलं. दोन्ही बाजूंना लांबवर उतार द्यायचा आणि पाईप टाकून पाणी नाल्यात सोडायचं, असं तिथेच उभ्या उभ्या ठरलं.

ठरल्या दिवशी गुडीहत्नूरचा जेसीबी आला. चालवणाऱ्याला वेस पाडायची म्हणून सांगितलेलं होतं. त्याने लोखंडी पंजा वर उचलला तेव्हा सरपंचबाई पुढे गेल्या आणि त्याला खाली दाखवलं. पाच दिवस त्याने फक्त रस्ता उकरला. खांबांजवळचं काम मजुरांनी हाताने केलं. परतीचा पाऊस झाला तेव्हा पाईप लहान पडला आणि वेशीत घोटाभर पाणी साचलं. पाईप बदलावा लागला. विरोधकांनी दोन दिवस त्याचं भांडवल केलं.

पहिली वेचणी झाली आणि तोच ड्रायव्हर ट्रॉली भरून निघाला. त्याने मुद्दाम कमी भरली नव्हती. उलट गेल्या वर्षीपेक्षा वर एक थर जास्तच दिसत होता. गाव वेशीच्या दोन्ही अंगांना उभं होतं. ट्रॅक्टर उतारावर आला, पुढची चाकं फरशीवर गेली, मग ट्रॉली. ड्रायव्हर मान मागे वळवून बघत होता. कापूस आणि दगड यांच्यात दोन्ही बाजूंनी हातभर उजेड दिसत होता. ट्रॉली एका दमात पलीकडे गेली. बायांनी टाळ्या वाजवल्या. गिरणीवाल्याने गिरणी बंद केली होती, तो वेशीला हात लावून उभा होता.

सरपंचबाई त्या वेळी मंडलातल्या बैठकीहून परत येत होत्या. त्या मोटरसायकलवरून उतरल्या तेव्हा ट्रॉली पार झालेली होती.

“गेली?” त्यांनी विचारलं.

“गेली ना वैनी!” पलीकडे थांबलेला ड्रायव्हर ओरडला. “लोण्यातून सुरी जाते तशी.”

“म्या नाई पाह्यली.” त्यांनी पदर खोचला. “मागं घे.”

ड्रायव्हर म्हणाला, भरलेली ट्रॉली उतारावर मागे घेणं सोपं नाही. सरपंचबाई म्हणाल्या, ज्याने वर्षभर मला बोल लावला त्याला तेवढं आलंच पाहिजे. त्याने ट्रॉली मागे घेतली. पहिल्यांदा तिरकी गेली, दुसऱ्यांदा सरळ आली. मग त्याने सरपंचबाईंच्या समोरून ती पुन्हा वेशीतून नेली, या वेळी हॉर्न दाबून ठेवून, आणि न थांबता आदिलाबादच्या रस्त्याला लागला.

संध्याकाळपर्यंत नऊ ट्रॉल्या गेल्या. वेस उभी आहे.